वही तिची, पक्कड त्याची

धुळे जिल्ह्यात, पांझरेच्या काठी एक शेतकरी राहत होता. त्याला जुळी मुलं होती, एक मुलगा आणि एक मुलगी. दोघंही गावच्या शाळेत, एकाच वर्गात.

कार्यानुभवाचा तास आला की मास्तर मुलांना कार्यशाळेत नेत. टेस्टर, पक्कड, होल्डर त्यांच्या हाती देत. मुली व्हरांड्यात बसून रुमालाला टीप घालत.

एकदा ही मुलगी कार्यशाळेच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मुलींचे हात नाजूक," मास्तर म्हणाले. "शॉक लागला तर घरच्यांना काय सांगू?"

मुलांच्या घरच्यांना काय सांगणार, हे कोणी विचारलं नाही.

मुलाचं अक्षर गिचमिड. त्यामुळे त्याची प्रात्यक्षिकाची वही घरी बहीणच लिहायची. जोडणीच्या आकृत्याही तीच काढायची. वहीला पैकीच्या पैकी गुण पडले. अर्थात मुलाला.

दिवाळी झाली. दिवसभर सगळ्यांनी कापूस वेचला. शेतीची थ्री फेज वीज त्या आठवड्यात रात्रीची होती, म्हणून बाप दोन्ही पोरांना घेऊन गव्हाला पाणी द्यायला गेला. त्याने स्टार्टरचं बटण दाबलं. मोटार नुसती घुमली, फिरेना. त्याने बटण सोडलं आणि पुन्हा दाबायला हात नेला.

"नका दाबू, बाबा! एक फेज गेला असेल. वाइंडिंग जळेल," मुलगी म्हणाली.

बापाने मुलाकडे पाहिलं. मुलाने टेस्टर बहिणीपुढे धरला. "तूच देख. वही तूच लिखेल शे."

तिने तिन्ही फ्यूजांखाली टेस्टर लावून पाहिला. दोन ठिकाणी दिवा लागला, तिसऱ्याला लागला नाही. मग मेन स्विच पाडला, वीज गेल्याची टेस्टरने खात्री केली, फ्यूज ओढून काढला आणि नवी तार भरली. थोड्या वेळात पाटाला पाणी आलं.

सकाळी बाप मुलीला घेऊन शाळेत गेला. मास्तरांचं उत्तर तेच, हात नाजूक. बापाने मुलीचा हात टेबलावर ठेवला. बोंडांच्या टोकांनी नखांच्या कडा फाटल्या होत्या.

"कापूस येचाले ह्या हात चालतस, मंग पक्कड धराले काब नही?"

मुख्याध्यापिका तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, साताऱ्याच्या सुरेखा यादव कराडच्या तंत्रनिकेतनात विजेचंच शिकल्या. 1988 साली त्या भारतातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक झाल्या. त्यांनाही कोणी दारातच अडवलं असतं तर?"

पुढच्या तासाला मुली कार्यशाळेत गेल्या आणि निम्मी मुलं शिलाई मशीनवर बसली. एकाने पहिल्याच तासाला सुई मोडली. त्याचे हात नाजूक आहेत, असं कोणी म्हणालं नाही.

दहावीनंतर आयटीआयचे अर्ज निघतात. मुलीचा अर्ज भरताना तिला न विचारता शिवणकाम लिहू नका. वायरमन, फिटर, इलेक्ट्रिशियन ही नावंही तिला वाचून दाखवा, आणि निवड तिला करू द्या.