माथाडी कायदा आणि आजींची आंघोळ

मिरजेत खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन ही आता रोजची बाब आहे. विल्यम वॉन्लेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे मिशन हॉस्पिटल उभं केलं. तेव्हापासून सांगली-साताऱ्यातलेच नव्हे तर उत्तर कर्नाटकातलेही पेशंट या गावाची वाट धरतात. ऐंशीच्या आजी ऑपरेशननंतर काही दिवसांत वॉकर धरून चार पावलं टाकतात आणि त्यांना डिस्चार्ज मिळतो. पंचाईत सुरू होते ती त्यानंतर. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या वेळा असतात, फिजिओथेरपीचे व्यायाम असतात. आजींना रात्री दोन वाजता संडासला कोण नेणार, हे लिहायला त्यावर रकाना नसतो.

सरकार काहीच करत नाही असं नाही. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला पाच लाखांपर्यंतच्या इस्पितळातल्या उपचारांचं कार्ड मिळतं. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, काठी, कमोड खुर्ची असल्या साधनांसाठी एकदाच 3000 रुपये खात्यावर येतात. निराधार असाल तर श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1500. म्हणजे ऑपरेशनची सोय झाली, खुर्चीची झाली, चहा-साखरेचीही थोडीफार झाली. बिछान्यापासून त्या खुर्चीपर्यंत नेणाऱ्या माणसाची मात्र कुठल्याच योजनेत सोय नाही.

हा विषय निघाला की आपल्याकडे गाडी लगेच पोरांवर घसरते. ‘पोरं बघत नाहीत, संस्कार उरले नाहीत.’ साताऱ्या-सांगलीपुरतं तरी हे निदान मला साफ चुकीचं वाटतं. इथली पोरं आज बाहेर पडलेली नाहीत. पाटण, जावळीतले पुरुष कित्येक पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत राबले. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातले गलाईवाले सोनं-चांदी गाळायला केरळ-तामिळनाडूपासून पार उत्तरेपर्यंत गेले. अपशिंगे गावाला तर ‘मिलिटरी’ हे नावच चिकटलं. म्हणजे मुलगा परगावी आणि म्हातारी गावी, ही या दोन जिल्ह्यांची जुनीच रीत आहे. ती निभावली कोणी? मुलगा परळच्या खोलीत दहाजणांत झोपायचा आणि त्याची बायको गावी सासूला न्हाऊ घालायची. मनिऑर्डर त्याची, कष्ट तिचे. आज ती नवऱ्याबरोबर पुण्याला, पनवेलला, कोइमतूरला जाते, आणि गेलीच पाहिजे. आटलं ते संस्कारांचं पाणी नव्हे. घरातून निघून गेले ते सुनेचे बिनपगारी कष्ट, ज्यांचा हिशोब तेव्हाही कोणी ठेवला नव्हता.

2007 चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा कायदाही याच चुकीच्या निदानावर उभा आहे. प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करा, मुलाकडून महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मिळवा. ज्या मुलाने खरोखर हात वर केले त्याच्यासाठी हे ठीकच. पण बरेच मुलगे पैसे पाठवतातच. म्हातारीकडे पैसे असतात, माणूस नसतो. दर जिल्ह्यात किमान दीडशे जणांसाठी वृद्धाश्रम काढावा असंही हा कायदा म्हणतो. आपल्याच घरात राहू इच्छिणाऱ्याच्या मदतीला माणूस कसा मिळावा, याबद्दल मात्र तो गप्प आहे. 2019 च्या दुरुस्ती विधेयकात घरी सेवा देणाऱ्या संस्थांच्या नोंदणीची भाषा पहिल्यांदा आली होती, पण ती लोकसभाच संपली आणि विधेयकही बारगळलं.

मग चालतं काय? घरी सेवेला बाई पुरवणारे खासगी ब्युरो. सांगलीत विश्रामबागेत एका फ्लॅटमध्ये हे रोज सकाळी दिसतं. आठ वाजता मावशी येतात. बारा तासांची ड्यूटी. आधी गॅसवर पाणी, मग आजींना उठवून बसवणं. एकदम उभं करायचं नाही, चक्कर येते. पाय खाली सोडून दोन मिनिटं बसू द्यायचं, मग वॉकर पुढे सरकवायचा, आपला एक हात कमरेच्या मागे ठेवायचा. मोरीत प्लास्टिकचं स्टूल, खाली जाड रबरी चटई. पाठ पुसताना माकडहाडाजवळची कातडी लाल झालीय का ते बघायचं, कारण तिथेच जखम धरते. हे मावशींना कोणी शिकवलं? कोणीच नाही. आधीच्या घरातल्या एका आजोबांच्या पाठीला जखम झाली, त्यावरून त्या शिकल्या. ब्युरो घराकडून महिन्याचे पैसे घेतो, आपलं कमिशन कापून त्यांना देतो. रजा नाही, फंड नाही. मावशींच्या पोराला ताप आला तर त्या येत नाहीत, आणि त्या दिवशी आजी दिवसभर बिछान्यात.

या घरातली दुसरी बाजूही सांगायला हवी. पहिल्या दिवशी आजींनी विचारलं, ‘आडनाव काय गं तुझं?’ प्रश्न कशासाठी होता ते दोघींनाही ठाऊक. स्वयंपाकघरात जायचं नाही, असं ठरलं. महिनाभरात चहा मावशीच करू लागल्या, पण तो अडचणीपोटी, मन बदललं म्हणून नव्हे. ‘स्वतंत्र’ राहू पाहणाऱ्या म्हातारपणाचा हा भाग गौरवलेखांत येत नाही. कुणावर ओझं नको म्हणणारे आपण ज्याच्या खांद्यावर हात ठेवतो त्याला माणूस म्हणून किती मोजतो, याचा हिशोब लागला पाहिजे.

हे काम आहे, भक्ती नव्हे, एवढं एकदा मान्य केलं की उत्तर दूर शोधावं लागत नाही. ते साताऱ्याच्याच मातीतलं आहे. पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत ओझी वाहणाऱ्या हमालांची संघटना बांधली आणि 1969 साली माथाडी कायदा झाला. त्याचं मर्म असं: ज्या मजुराला एक ठराविक मालक नाही, आज या गाळ्यावर तर उद्या त्या, त्याला मालक नाही म्हणून हक्क नाहीत असं म्हणता येणार नाही. मजूर आणि व्यापारी, दोघांचीही नोंद मंडळाकडे. मजुरी व वर लेव्ही व्यापाऱ्याने मंडळात भरायची. मंडळ मजुरी वाटतं आणि भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधपाणी बघतं. 1981 साली खासगी सुरक्षारक्षकांनाही असाच कायदा मिळाला. म्हणजे दारावर बसणाऱ्यासाठी मंडळाची वाट निघाली. दाराच्या आत राबणारीसाठी अजून नाही. घरेलू कामगारांसाठी 2008 च्या कायद्याचं कल्याण मंडळ आहे, पण तो नावाप्रमाणे कल्याणाचा मामला. दर, हजेरी आणि बदली माणूस यांच्याशी त्याचा संबंध नाही.

माथाड्यांची आणखी एक गोष्ट उचलण्याजोगी आहे: टोळी. माल टोळी उचलते, मजुरी टोळीत वाटली जाते. पाच-सहा बायकांच्या टोळीकडे एका पेठेतली किंवा दोन-तीन वाड्यांतली दहा-बारा घरं दिली तर एकीच्या रजेने कोणी म्हातारी अडून बसणार नाही. नेदरलँड्समध्ये योस दे ब्लोक यांनी 2006 पासून नर्सेसच्या अशाच छोट्या, आपला कारभार आपणच बघणाऱ्या टोळ्या उभ्या केल्या आणि त्या देशभर पसरल्या. त्यांना ‘टोळी’ हा शब्द ठाऊक नसेल, एवढाच फरक.

यावरचे आक्षेप मला माहीत आहेत. माथाडी मंडळांच्या आसपास खंडणीखोरी वाढली, बोगस टोळ्या आल्या. नाकारण्यात अर्थ नाही. त्याहून मोठा आक्षेप पैशाचा. व्यापारी लेव्ही मालाच्या किमतीत घालतो, पेन्शनीत जगणारं जोडपं ती कशात घालणार? आणि ज्यांना पेन्शनच नाही, ते तर मजुरीही देऊ शकणार नाहीत. तिथे सार्वजनिक पैसा लागेलच. केरळमध्ये 1990 च्या दशकाअखेरीपासून मलप्पुरम भागात शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पैसे आणि वेळ काढून अंथरुणाला खिळलेल्यांची घरी जाऊन शुश्रूषा सुरू केली. 2008 मध्ये राज्याने त्याचं धोरण केलं, आणि आता पंचायतीच्या निधीतून नर्स घरोघर जाते. खानापूर तालुक्यातल्या ज्या गलाईवाल्याचं दुकान केरळात आहे, त्याच्या शेजारच्या म्हातारीच्या घरी ही नर्स येते. त्याची स्वतःची आई गावी आहे. तिच्याकडे कोणी येत नाही. गावाला जमत नाही म्हणावं तर त्याच गावात दुधाचा टेम्पो सकाळ-संध्याकाळ वस्तीपर्यंत पोचतो.

आणि घरी जाऊन सेवा द्यायचं महाराष्ट्राला नवीन नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने गावच्याच बाईला शिकवून नवजात बाळं वाचवून दाखवली, आज देशभरची आशा कार्यकर्ती बाळाच्या पहिल्या 42 दिवसांत ठरलेल्या भेटी देते. सुरुवात साध्या यादीपासून करता येईल. कोणत्या घरात कोण एकटं आहे, कोणाला उठता येत नाही, याची वही ग्रामपंचायतीत हवी. 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्या कृष्णाकाठाला तिचा दुहेरी उपयोग आहे: पुरात आधी कोणाला हलवायचं तेही तिच्यातून कळेल.

सगळ्यात अवघड राहते ती रात्र. केरळची नर्सही दिवसाच येते, आणि तीही रोज नाही. वयस्क माणसं पडतात ती पुष्कळदा रात्री, मोरीकडे जाताना, आणि तेव्हा हाकेला असते ती सत्तरीची बायको किंवा कोणीच नाही. ब्युरोत रात्रपाळीला माणूस मिळणं मुश्कील, कारण जी बाई येईल तिचंही घर असतं, आणि परक्या घरात रात्र काढायची म्हटल्यावर तिच्या जिवाला घोर असतोच. दिवसाच्या कामाचा दर बाजार कसाबसा ठरवतो. मंडळ झालंच तर त्याने पहिल्या बैठकीत रात्रीचा दर आणि त्या बाईच्या सुरक्षिततेची हमी यांवर बोलावं. आंघोळीचा प्रश्न त्यानंतर सोपा आहे.