गुण कशाने मिळवावे?

अधिक गुण मिळविण्याचा निश्चय मुलांनी करावा काय? अवश्य करावा, परंतु तो कशाविषयी असावा, हे पाहिले पाहिजे. ३ मार्च २०२३ रोजी आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा भागात, बारावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेची काही पाने परीक्षेपूर्वीच फुटून मोबाइलवर पसरली. केवळ गुण हेच साध्य ठरले, म्हणजे चोरीही साधन वाटू लागते. गुण देणे परीक्षकाच्या हाती आहे. अभ्यास आपल्या हाती. म्हणून "नव्वद गुण मिळवीन" एवढ्यावर न थांबता, "आज पाच उदाहरणे उत्तर न पाहता सोडवीन, चुकेल ते उद्या पुन्हा करीन," असे मुलाने ठरवावे. हा निश्चय चोरीने पुरा करिता येत नाही. आईबापहो, "किती गुण पडले?" असे विचारण्याआधी "आज काय समजले?" असे विचारीत जा.