उंचीवरची हवा

शिवडीच्या क्षयरुग्णालयाला आमच्या भागात कुणी पूर्ण नावाने ओळखत नाही. जेरबाई वाडिया रस्त्यावर ‘टीबी हॉस्पिटल’ म्हटले की टॅक्सीवाल्याला पुढे काही सांगावे लागत नाही. हजाराहून अधिक खाटांचे हे रुग्णालय आशियातल्या सर्वांत मोठ्या क्षयरुग्णालयांत मोडते. एका अंगाला एके काळी गिरण्या, दुसऱ्या अंगाला गोदी आणि तेलाच्या टाक्या, पायाशी खाडीचा चिखल. वैद्यकाच्या जुन्या समजुतीप्रमाणे क्षयाच्या रोग्याला ठेवण्यासाठी याहून वाईट जागा शोधून सापडली नसती.

त्या समजुतीला आपल्याकडे हवापालट म्हणत. ज्यांना परवडे ते उंचावर जात. डॉ. बिलिमोरिया यांनी 1912 मध्ये पाचगणीला आरोग्यधाम उभारले. मिरजेजवळची वानलेसवाडी डोंगरावर नसली तरी कोरड्या हवेची होती. त्याही आधी, 1909 मध्ये, मुंबईचे बेहरामजी मलबारी आणि त्यांचे स्नेही दयाराम गिडुमल यांनी पार सिमल्याच्या वाटेवर धरमपूरला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले. मुंबईतल्या सुधारकाला मुंबईच्या रोगावरचा उपाय दीड हजार किलोमीटर दूर हिमालयाच्या पायऱ्यांवर दिसावा, यावरून त्या काळी उंचीवर केवढी श्रद्धा होती ते कळते. परळ-लालबागच्या साचेवाल्याला मात्र धरमपूर काय आणि पाचगणी काय, सारखेच लांब. त्याच्या वाट्याला शिवडी आली.

हे सगळे मनात आले ते स्कीइंगविषयी वाचताना. बर्फावरून घसरण्याचा हा श्रीमंती खेळ आणि गरिबांचा म्हणून ओळखला जाणारा क्षयरोग यांचे नाते वाटते त्याहून जवळचे आहे. ते पाहायला दावोसला जावे लागते. दावोस म्हणजे आपले मुख्यमंत्री जानेवारीत गुंतवणुकीचे करार करायला जातात तेच. उंची सुमारे 1,560 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून बुटके. 1865 च्या हिवाळ्यात दोन जर्मन क्षयरोगी तिथे राहायला आले. उन्हाळ्यात डोंगरावर सगळेच जात; भर थंडीत रोग्याने बर्फात राहावे ही तेव्हा अचाट कल्पना होती. दोघे सुधारले आणि गावाचे नशीब पालटले. (त्याच 1865 मध्ये मुंबईचे पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी शिवडीतल्या एका बागेची जागा युरोपीय दफनभूमीसाठी विकत घेतली. योगायोग एवढाच, पण मला तो विसरता येत नाही.)

आर्थर कॉनन डॉयल दावोसला गेले ते पत्नी लुईझाला क्षय होता म्हणून. रोग्याच्या सोबत्याला दिवसभर करायचे काय? त्यांनी नॉर्वेहून लाकडी स्की मागवल्या आणि मार्च 1894 मध्ये तिथल्या ब्रांगर बंधूंबरोबर खिंड ओलांडून आरोसा गाठले. ब्रांगरांनी ही वाट आदल्या वर्षीच केली होती, त्यामुळे डॉयलनी स्वित्झर्लंडला स्कीइंग शिकवले ही दंतकथाच. पण त्यांनी तो प्रवास ‘स्ट्रँड’ मासिकात लिहिला आणि इंग्रजांना नाद लागला. मधल्या कड्यावर ते विजारीच्या बैठकीवरच घसरत आले, आणि हे कापड फाटायचे नाही अशी हमी देणाऱ्या शिंप्याची त्यांनी लेखात मजेत हजेरी घेतली. पुढे 1934 मध्ये दावोसच्याच बोल्गेन उतारावर माणसांना दोरीने वर ओढणारी लिफ्ट आली.

आणि मग क्षयाचे औषध आले. 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले. तरी आरोग्यधामांवरचा विश्वास लगेच ढळला नाही. तो मोडला मद्रासमध्ये. 1956 मध्ये तिथे सुरू झालेल्या क्षयरोग केंद्राने दाटीवाटीच्या वस्त्यांतल्या गरीब रोग्यांच्या दोन गटांची तुलना केली. एक गट आरोग्यधामात, चांगले अन्न आणि विश्रांती घेणारा. दुसरा आपल्याच घरात, अर्धपोटी, पण तीच औषधे घेणारा. 1959 मध्ये निकाल छापून आले. घरी राहिलेलेही जवळजवळ तेवढेच बरे झाले होते. थंड हवा, उंची, झोपून राहणे यांची फारशी गरज नव्हती. समुद्रसपाटीवरच्या एका शहराने डोंगराचा औषधी मोठेपणा काढून घेतला. दावोसच्या शाट्झआल्पसारखी आरोग्यधामे 1950 च्या दशकातच हॉटेले होऊ लागली होती. जिथे रोगी गच्चीवर घोंगड्यांत गुंडाळून ठेवले जात, तिथे स्कीवाले कॉफी पिऊ लागले. शिवडीचे मात्र हॉटेल झाले नाही. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाशी ते अजून झुंजतेच आहे.

हिमालयात दावोससारखे का घडले नाही, हा प्रश्न मला जास्त ओढतो. आपली गिरिस्थाने इंग्रजांनी वसवली ती उन्हाळ्यापासून पळण्यासाठी. थंडी पडली की सरकार, कारकून, फायली, सगळे खाली. धनगर-गुराखी तर त्याच्या कितीतरी आधीपासून हेच करत आलेले. बर्फाच्या दिवसांत डोंगरावर मुद्दाम राहावे असे कारण कुणाला नव्हते, म्हणून हिवाळ्यातले गाव उभेच राहिले नाही. आपल्याकडे स्की आणली ती फौजेने. 1927 मध्ये गुलमर्गला स्की क्लब काढणारे इंग्रज लष्करी अधिकारी होते. औलीला 1973 पासून भारत-तिबेट सीमा पोलिसांची संस्था आहे. जिथे वर न्यायला पाळणे आले तीच नावे पर्यटकांना ठाऊक झाली. गुलमर्गचा गंडोला दुसऱ्या टप्प्यात जवळजवळ चार हजार मीटरवर पोचवतो, तर औलीचा रोपवे जोशीमठातून निघायचा; जानेवारी 2023 मध्ये जोशीमठाची जमीन खचू लागली तेव्हा तो बंद करावा लागला. बाकीचे उतार होते तिथेच आहेत. पाहण्याजोगे मला तेच वाटतात.

शिकायचे असेल तर नारकंडा. मलबारींच्या धरमपूरवरून जाणाराच रस्ता सिमला ओलांडून साठेक किलोमीटरवर तिथे पोचतो. हाच जुना हिंदुस्थान-तिबेट मार्ग. उंची सुमारे 2,700 मीटर, उतार आखूड आणि मवाळ. पडले तरी अपमानापलीकडे फार काही होत नाही. जवळच्या कोटगडात सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थाने 1916 च्या सुमारास लाल सफरचंदाची कलमे लावली आणि सगळा मुलूख सफरचंदाचा झाला. तिथल्या बागवानाला बर्फ हवा असतो तो झाडाला पुरेशी थंडी मिळावी म्हणून. त्यावर कुणी घसरते की नाही, ही गोष्ट त्याच्या हिशेबात फार खाली येते. उत्तराखंडात, चक्रात्याच्या पलीकडचे मुंडाली देवदारांतले, निवांत. सामान बरोबर न्यावे. मुनस्यारीचा खलिया टॉप पंचचुली शिखरांसमोर आहे, पण तो नवख्याचा नव्हे.

थांबायचे ते दयारा बुग्यालला. गंगोत्रीच्या वाटेवर, उत्तरकाशीच्या पुढे बार्सू आणि रैथल ही गावे; तिथून सात-आठ किलोमीटरची चढण चढली की तीन हजार मीटरच्या वर पसरलेले हे कुरण. बुग्याल म्हणजे झाडांची हद्द संपल्यावरचे गवताळ माळ. पिढ्यान् पिढ्या गुरे चरून तिथले गवत आखूड आणि दाट झालेले असते. वर पाच-सहा फूट बर्फ बसला की खाली ना खडक ना खोडे, सगळा उतार गादीसारखा. युरोपातल्या अनेक नामांकित उतारांखालीही अशीच गाईंची कुरणे आहेत. ऑगस्टमध्ये रैथलचे लोक याच माळावर दूध-ताक-लोणी उधळून अंडूडीचा उत्सव करतात. गुरे खाली उतरली की सहा महिने तिथे फक्त वारा.

पाळणा नाही, म्हणून स्कीवरूनच चढायचे. स्कीच्या तळाला कातडी चिकटवतात. पूर्वी खरेच चामडे असे. अल्ताईकडचे लोक घोड्याचे वापरत, आता मोहेर किंवा नायलॉन. त्यावरून बोटे पुढून मागे फिरवली तर मऊ लागते, उलट फिरवली की केस अडतात. तेवढ्या अडण्यावर माणूस उभा उतार चढतो. माथ्यावर पोचले की कातडी ओढून काढायची, घडी करून अंगरख्यात सरकवायची म्हणजे डिंक गोठत नाही. तीन तासांची चढण उतरताना पंधरा मिनिटांत संपते.

हा हिशेब मराठी डोंगरभटक्याला पचायला जड जातो. आपले सगळे कौतुक चढण्याचे. खडी चढण, नाळ, कातळातल्या पायऱ्या यांची वर्णने आपण रंगवून करतो, आणि उतरण म्हणजे गुडघ्यांची तक्रार व कसाऱ्याची शेवटची गाडी. उतरणे हाच डोंगरावर जाण्याचा हेतू असू शकतो, हे सह्याद्रीने शिकवले नाही. मुरमाच्या घसाऱ्यावर ते शक्यही नाही. दयारासारख्या जागी दोन्ही हाती लागते. अर्धा दिवस आपण ओळखीचे चढणारे असतो, मग अचानक भलतेच कुणीतरी. लिफ्टच्या उतारावर दिवसाला वीस फेऱ्या होतात आणि एकही नीट आठवत नाही, असे स्कीवालेच सांगतात.

बर्फ पडेलच याची हमी मात्र कुणी देऊ नये. हा बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांचा. ते पुढे सरकले की उत्तरेचे वारे मोकळे होतात आणि एक-दोन दिवसांत शिवडी स्टेशनवर कानटोप्या दिसू लागतात. 22 जानेवारी 1962 ला सांताक्रूझचे तापमान 7.4 अंशांवर उतरले होते. झंझावात रुसले की दोन्हीकडे कोरडे. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्ग तपकिरी पडले होते. जायचे तर फेब्रुवारीचा मध्य गाठावा, आणि 30 ते 45 अंशांच्या उतारावर ताज्या बर्फानंतर लगेच पाय ठेवू नये. हिमलोट बहुतेक तिथेच सुटतात.

2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि रोजच्या माणसांना दोनशेची मर्यादा आखली. मला ते पटले. दयाराला रोपवे व्हावा अशी चर्चा उठते तेव्हा तो होऊ नये असेच मला वाटते. पण मग ज्यांची फुप्फुसे एकदा शिवडीत राहून आली आहेत, त्यांनी ते कुरण कधी पाहायचेच नाही का? आमच्या इमारतीत असे दोघे आहेत. त्यातल्या एकाला मी नारकंड्याचे सुचवले. तिथे गाडी दारापर्यंत जाते. त्याने आधी भाडे विचारले, आणि मग तिथे दमट असते का.