भिंतीकडे कोण झोपणार?

दारातच थांबा. टेप खिशात राहू द्या. पलंगाची घाई नाही.

नागपूर जिल्ह्यातल्या पारशिवनीसारख्या तालुक्याच्या गावात अशी खोली बऱ्याच घरांत असते. दहा बाय बारा. घर एका झटक्यात बांधलेलं नाही, पैसे आले तसं मागे मागे वाढत गेलं. तुम्ही उभे आहात ते पूर्वेचं दार, समोरच्या खोलीतून आत येणारं. उजवीकडे उत्तरेच्या भिंतीत स्वयंपाकघराचं दार. डावीकडे दक्षिणेच्या भिंतीत, अगदी तुमच्या हाताशी, मागाहून काढलेल्या बाथरूमचं. समोर पश्चिमेला खिडकी आणि खिडकीत कूलर.

चारही भिंतींवरून एकदा नजर फिरवा. अखंड अशी एकही नाही. हे नुसतं पाहून घ्या. मिस्त्रीला बोल लावू नका, ज्यांनी बाथरूम आत घेतलं त्यांनाही नको. पावसाळी रात्री परसात जावं लागायचं तेव्हा याच खोलीतल्या कुणाचे तरी गुडघे दुखत होते.

आता पलंग बाजूला ठेवा आणि बाज आठवा. सुंभाची किंवा नवारीची, एका माणसाला खांद्यावर नेता येईल अशी. उन्हाळ्यात संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडलं की ती बाहेर यायची, मृग लागला की सपरीत, थंडीत आतल्या खोलीत. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामात राहायला आले, तेही उन्हाळ्यात उघड्यावरच झोपत. तेव्हा बाज कुठे ठेवायची यावर घरात खल होत नसे. जिथे वारा, तिथे बाज.

आजचा पलंग सहा बाय साडेसहाचा असतो. त्याच्या पोटात गाद्या, गोधड्या, लग्नातल्या साड्या आणि न वापरलेली स्टीलची भांडी. झाडू मारायलासुद्धा तो सरकत नाही. बाजेने तीन ठिकाणी केलेलं काम आपण त्याला एका जागी बसून करायला सांगतो. ते पूर्ण होणार नाही. कोणत्या ऋतूत थोडा त्रास सोसायचा, एवढीच निवड आपल्या हाती आहे. हे मनात नीट मुरू द्या. पुढचं सगळं त्यावरच आहे.

मग आत या आणि पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवा. दुपारी नको, रात्री दहाला. मे महिना आहे असं समजा. नऊ इंची विटेची भिंत दुपारभर ऊन पिते आणि ते खोलीत सोडते रात्री, आपण आडवे झाल्यावर. वरच्या स्लॅबचंही तेच. इथे मेच्या शेवटच्या आठवड्यात, नवतपा सुरू होतो त्याच सुमारास, सूर्य दुपारी थेट माथ्यावर येतो, उभ्या खांबाची सावली त्याच्या पायातच राहते. सज्ज्यावर ठेवलेल्या पितळी गंजाला मध्यरात्री हात लावला तरी तो कोमट लागतो. २३ मे २०१३ला नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा मुलखात पश्चिमेच्या भिंतीला उशी टेकवणं म्हणजे चुलीकडे डोकं करून झोपणं. तेव्हा ती भिंत सोडली. हात काढून घ्या.

उत्तरेची? तिथे घरातली म्हातारी बोलेल. "उत्तरेकडं डोकं करून नाही निजत बाप्पा, दक्षिणेकडं पाय होतात, यमाची दिशा हाय ते." वाद घालू नका. विष्णुपुराणातही डोकं पूर्वेला किंवा दक्षिणेला करून झोपावं असंच सांगितलं आहे. आपल्याकडे मृताचं डोकं उत्तरेला करतात. ज्याने घरातलं कुणी तसं ठेवलेलं पाहिलं, त्याला त्या दिशेला डोकं टेकवून झोप लागणं कठीण, मग वास्तुशास्त्रावर त्याचा विश्वास असो वा नसो. झोपेपुरतं एवढं कारण मला पुरेसं वाटतं. शिवाय उत्तरेला स्वयंपाकघराचं दार आहे. पहाटे चहा ठेवायला उठणारं माणूस तुमच्या उशाशीच कडी काढणार.

पूर्वेचा विचार खाणीत पाळी करणाऱ्यांच्या घरात वेगळा होतो. पारशिवनी तालुक्यात कोळशाच्या खाणी आहेत. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी नऊला डोळे मिटतो, आणि तेव्हा घर पूर्ण जागं असतं. समोरच्या खोलीतला टीव्ही, आल्यागेल्याची हाक, पोरांची बॅट, सगळं पूर्वेच्या दारातूनच येतं. त्याला तिकडे पाय हवेत, कान नकोत.

उरली दक्षिण. जुनी वर्तमानपत्रं आणा आणि पलंगाच्या मापाची फरशीवर अंथरा. बाथरूमचं दार सोडलं की या भिंतीला साडेनऊ फूट मिळतात. पश्चिमेच्या भिंतीपासून एक फूट सरका, तिची धग अंगाला चिकटायला नको. मध्ये सहा फूट पलंग. बाथरूमच्या बाजूला अडीच फूट. पायथ्याशी साडेतीन फूट वाट, स्वयंपाकघराकडे जायला. लोखंडी कपाट मात्र आता या वाटेवर बसणार नाही.

कागदांवर सतरंजी टाका. आडवे व्हा. श्वास आपोआप संथ होईल तोवर काहीच ठरवू नका.

वर पाहा. पंख्याचा हूक स्लॅब टाकतानाच खोलीच्या मधोमध बसवला होता, पलंगाच्या मधोमध नाही. त्यामुळे वारा दाराकडच्या अर्ध्या पलंगावर पडतो. भिंतीकडच्या अर्ध्यावर कूलर, आणि तोही थेट, ओल्या ताट्यांचा वास घेऊन. पूर्वेचं दार उघडं असेल तर हीच हवा पलंग ओलांडून बाहेर पडते आणि खोली गार राहते. दार लावलं की तासाभरात चादर दमट. श्रावणात कूलर नुसती ओल देतो, तेव्हा भिंतीकडच्याला काहीच नाही. डोक्यामागची भिंत बाथरूमची आहे. नळाची बाजू असेल तर पोपडे कुठवर आलेत ते बोटाने चाचपून पाहा, आणि पलंगाची पाठ भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या.

आता डोळे मिटा आणि रात्रीचे दोन वाजू द्या. लाइट गेलेली आहे. भिंतीकडच्या माणसाला लघवीला उठायचं आहे. एका बाजूला फूटभर फट, दुसऱ्या बाजूला झोपलेला जोडीदार. तो माणूस पायथ्याकडे सरकतो, हाताने पलंगाची कड शोधतो, वळसा घालून बाथरूमच्या दाराशी येतो. हे सगळं सावकाश मनात पाहा. त्या माणसाचं वय किती आहे? गुडघे कसे आहेत? तान्हं मूल कोणाच्या कुशीत आहे? पहाटे पाच वाजता स्वयंपाकघराचा दिवा कोण लावतं? बहुतेक घरांत भिंतीकडची जागा न विचारताच बाईला मिळते, आणि सगळ्यात आधी उठतेही तीच. ती रोज पायथ्यावरून सरकत बाहेर येते आणि याला कुणी अडचण म्हणत नाही.

तेव्हा सतरंजीवर दोघांनी झोपून पाहा. एक रात्र या बाजूला, दुसऱ्या रात्री जागा बदलून. कूलर चालू ठेवून एकदा, बंद करून एकदा. कागद फाटतील, फाटू द्या. सुताराला त्यानंतरच बोलवा, आणि पलंग तुकड्यांत आणून खोलीतच जोडायला सांगा, कारण अखंड सांगाडा पूर्वेच्या दारातून आत येणार नाही.

कपाट समोरच्या खोलीत जाईल. तिथे त्याच्यासाठी कोणती भिंत मोकळी करायची, तो खल उद्या.