स्वर्गातले शेवटचे दिवस

युरोपच्या सहलीचे शेवटचे दोन दिवस उरले की बसमधलं बोलणं बदलतं. पहिल्या आठवड्यात सगळे खिडकीबाहेरच्या गायींवर, चर्चच्या मनोऱ्यांवर, बर्फाच्या शिखरांवर बोलत असतात. आता विषय बॅगेच्या वजनाचा निघतो, उरलेल्या युरोंचा निघतो, मुंबईच्या विमानतळावर घ्यायला कोण येणार याचा निघतो. कुणी ऑफिसच्या मेलला उत्तरं द्यायला लागतं, कुणी कामाच्या मावशींना परवापासून यायला सांगतं. समोर फ्लॉरेन्सचा घुमट असतो. तो सुंदरच असतो, पण त्याच्याकडे बघताना ‘संपलं आता’ हा विचारही मनात चालू असतो. ज्या जोडप्यानं निवृत्तीनंतर फंडाच्या पैशातून ही सहल केली, ज्यांना पुन्हा येणं होणार नाही हे ठाऊक आहे, त्यांची कालवाकालव अधिक खोल असते.

ही हुरहुर किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखी नाही. तिच्या पोटात फार जुना प्रश्न आहे. जे सुख संपणार हे आधीच माहीत आहे, ते घ्यावं का? आणि घेतलंच, तर ते संपत असताना माणसानं कसं वागावं?

भारतीय धर्मविचारानं हा प्रश्न स्वर्गाच्या निमित्तानं विचारला. आपल्या परंपरेतला स्वर्ग हा कायमचा मुक्काम नाही, ती मुदतीची वस्ती आहे. पुण्य असेतोवर तिथं राहायचं आणि गेल्या वाटेनं परत यायचं, असं छांदोग्य उपनिषद सांगतं. गीतेच्या नवव्या अध्यायात श्रीकृष्णही तेच सांगतो: यज्ञ करून इंद्रलोकी गेलेले लोक तो विशाल स्वर्ग भोगतात आणि पुण्य सरलं की पुन्हा मृत्युलोकात येतात. ज्ञानेश्वरांनी या ठिकाणी स्वर्गेच्छू याज्ञिकांना चांगलंच फटकारलं आहे. पैसा संपताच ज्याला दारातही उभं करत नाहीत, अशा माणसाशी त्यांनी त्यांची तुलना केली.

याहून सविस्तर चर्चा महाभारताच्या वनपर्वात आहे. वनवासातल्या युधिष्ठिराला व्यास मुद्गल ऋषीची गोष्ट सांगतात. मुद्गल कुरुक्षेत्रात राहायचा आणि शेतात सांडलेले दाणे वेचून पोट भरायचा. पंधरवड्यात द्रोण या जुन्या मापाएवढं धान्य जमायचं, त्यातूनच तो पाहुण्याला जेवू घालायचा. दुर्वास लागोपाठ सहा वेळा आला आणि सगळं अन्न संपवून गेला. मुद्गलाच्या कपाळावर एक आठी उमटली नाही. त्या पुण्याच्या बळावर हंस-सारसांचं विमान घेऊन देवदूत दारात आला. मुद्गलानं लगेच पाऊल उचललं नाही. स्वर्गाचे गुण सांगितलेस तसे दोषही सांग, असं त्यानं देवदूतालाच विचारलं.

देवदूतानं काही लपवलं नाही. तिथं भूक नाही, तहान नाही, थकवा नाही, घाम नाही, गळ्यातली माळ कोमेजत नाही. पण तिथं नवं कर्म करता येत नाही. गाठीला असलेलं पुण्य मुळातून खर्च होत जातं. दुसऱ्याचं अधिक झळाळतं वैभव पाहून तिथंही असंतोष होतो. आणि ज्याची परतायची वेळ आली त्याच्या माळा सुकू लागतात, मनात भीती शिरते. पृथ्वी ही कर्मभूमी आहे आणि स्वर्ग ही फलभूमी, असं सांगून देवदूत थांबला. मुद्गलानं त्याला नमस्कार केला आणि विमान रिकामं परत पाठवलं.

परदेशातल्या सुट्टीची घडण या फलभूमीसारखीच आहे. कित्येक वर्षं साठवलेलं तिथं दोन आठवड्यांत खर्च होतं. तिथं काही पेरायचं नसतं, फक्त उपभोगायचं असतं. शेंगेन व्हिसाच्या कागदावर मुक्कामाचे दिवस आकड्यांत छापलेले असतात, म्हणजे मुदत पहिल्या दिवसापासून समोर असते. शेजारच्या कुटुंबानं आपल्यापेक्षा एक शिखर जास्त पाहिलं, ही टोचणीही तिथं पोचते. देवदूतानं सांगितलेले सगळे दोष सहलीच्या शेवटच्या दिवसांत एकेक करून दिसू लागतात.

तरीही मुद्गलाचं उत्तर सरसकट घेता येत नाही. त्याला नकार शोभला, कारण सहाव्यांदा ताट रिकामं झालं तेव्हाही त्याचं मन जागेवर होतं. त्याला स्वर्गाची गरजच नव्हती. सामान्य माणूस संपण्याच्या धास्तीनं आनंद नाकारतो तेव्हा ते वैराग्य नसतं, ती भीती असते. कल्याणहून किंवा कोल्हापूरहून निघालेल्या बाईंनी आयुष्यभर इतरांचे डबे भरले आणि साठाव्या वर्षी आल्प्सचा बर्फ हातात घेतला, तर त्यात कुठलाही धर्म बुडत नाही.

बौद्ध परंपरेनं हाच प्रसंग दुसऱ्या बाजूनं पाहिला. पाली ‘इतिवुत्तक’ ग्रंथात देवलोकातून जाण्याची वेळ आलेल्या देवाची पाच लक्षणं दिली आहेत: माळा कोमेजतात, वस्त्रं मळतात, काखेत घाम येतो, अंगाची कांती उतरते आणि स्वतःच्या आसनावर त्याचं मन रमत नाही. पाचवं लक्षण सगळ्यांत बारकाईनं टिपलेलं आहे. आसन तेच, देवलोक तोच, फक्त त्यात बसणाऱ्याचं चित्त उडालेलं. सोबतचे देव मग त्याला निरोप देताना सुगतीला जा असं म्हणतात. देवांची सुगती कोणती, असं एक भिक्खू विचारतो आणि बुद्ध उत्तर देतो: मनुष्यजन्म. म्हणजे आपण ज्या जागी जड मनानं परत येतो, ती जागा देवांच्या लेखी शुभ आहे. कारण धर्म ऐकणं आणि आचरणं इथं घडतं.

कालिदासानं यात तिसरी वाट दाखवली. ‘मेघदूता’तला यक्ष ढगाला उज्जयिनीची वाट सांगताना म्हणतो की ही नगरी म्हणजे स्वर्गाचाच एक तेजस्वी तुकडा आहे. पुण्य सरत आल्यामुळे पृथ्वीवर उतरलेल्या स्वर्गवासींनी उरल्यासुरल्या पुण्याच्या बळावर तो सोबत आणला. या कल्पनेत मुद्गलाचा नकार नाही आणि सुकलेल्या माळांची धास्तीही नाही. पुण्य संपायच्या आत ते कशावर खर्च करायचं, याचं भान मात्र आहे. शेवटचे दिवस हेच उरलेलं पुण्य असतं. ते कुढण्यात घालवायचं की काही उतरवून आणण्यात, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

असं उतरवून आणणाऱ्या माणसाचं ठळक उदाहरण युरोपातलंच आहे. जर्मन कवी गटे फ्रँकफुर्टमधल्या घरी लहानाचा मोठा झाला, तेव्हा भिंतीवर वडिलांनी लावलेली रोमची चित्रं होती. वडील 1740 मध्ये इटलीला जाऊन आले होते. मुलाला ती वारी घडायला वयाची सदतिशी यावी लागली. 3 सप्टेंबर 1786 रोजी पहाटे तीन वाजता, वायमारच्या दरबारातल्या जबाबदाऱ्या मागे टाकून, कुणाला न सांगता तो कार्ल्सबादहून निघाला. पुढे त्यानं टोपणनावही घेतलं. ऑक्टोबरच्या अखेरीस तो रोममध्ये पोचला. मधले काही महिने नेपल्स आणि सिसिलीत काढून पुन्हा तिथंच परतला. एप्रिल 1788 मध्ये निघायची वेळ आली.

त्याचे शेवटचे दिवस त्याच्या ‘इटलीचा प्रवास’ या पुस्तकाच्या अखेरीस आले आहेत. त्यानं नवं ठिकाण शोधलं नाही. पूर्ण चंद्राच्या प्रकाशात तो कोर्सो या लांब रस्त्यानं चालत गेला, कॅपिटॉलची टेकडी चढला, जुन्या अवशेषांतून कोलोसियमपर्यंत पोचला, जाळीतून आत डोकावला आणि अंगावर काटा येऊन माघारी वळला. हे सगळं त्यानं अनेकदा पाहिलेलं होतं. त्या रात्री त्याला ओव्हिड आठवला. इसवी सन 8 मध्ये सम्राट ऑगस्टसनं या रोमन कवीला काळ्या समुद्राकाठच्या तोमिसला हद्दपार केलं, आणि रोममधल्या आपल्या शेवटच्या रात्रीवर त्यानं शोकगीत लिहिलं. गटेनं स्वतःचं दुःख त्या जुन्या दुःखाशेजारी ठेवलं आणि पुस्तक तिथंच संपवलं.

पुढची हकिकत अधिक बोलकी आहे. 1790 मध्ये तो पुन्हा इटलीत, व्हेनिसला गेला. पहिल्या प्रवासाची गोडी त्याला मिळाली नाही. रोम त्यानं परत कधी पाहिलं नाही. पण रोमहून वायमारला आल्यावर त्यानं ‘रोमन शोकगीतं’ लिहिली आणि ती 1795 मध्ये प्रसिद्ध झाली. कालिदासाच्या ‘शाकुंतला’चा जर्मन अनुवाद 1791 मध्ये आला, तेव्हा त्याचं मनापासून कौतुक करणाऱ्यांत हाच गटे होता. उरल्या पुण्यावर स्वर्गाचा तुकडा आणणं म्हणजे काय, हे त्यानं तोवर स्वतः करून पाहिलं होतं.

आज त्याच रोममध्ये सहलीचे जथे त्रेवी कारंज्यापाशी येतात. 1762 मध्ये पुरं झालेल्या या कारंज्याकडे पाठ करून, उजव्या हातानं डाव्या खांद्यावरून नाणं टाकलं की माणूस रोमला परत येतो, अशी समजूत आहे. ती नाणी वेळोवेळी गोळा केली जातात आणि त्यातून कारितास ही कॅथलिक संस्था गरजूंना मदत करते. या चालीला कुणी भोळी म्हणेल. तरी तिच्यामागची ओढ खरी आहे: नुसतं निघून जाणं माणसाला सोसवत नाही, निघण्यालाही काहीतरी विधी लागतो.

धार्मिक यात्रांनी हे फार आधी ओळखलं. हजचा यात्रेकरू मक्का सोडण्याआधी काबाभोवती सात फेऱ्यांचा निरोपाचा तवाफ करतो; त्या शहरातलं त्याचं शेवटचं काम खरेदी किंवा बांधाबांध नसावं, अशी शिकवण आहे. पंढरीची वारीही आषाढी एकादशीला संपत नाही. पालख्या पौर्णिमेपर्यंत थांबतात, गोपाळपूरला गोपाळकाला होतो आणि मगच परतवारी सुरू होते. काल्याच्या कीर्तनाशिवाय गावचा सप्ताहदेखील उठत नाही. त्या कीर्तनात नेहमी एक कथा येते. गोकुळातल्या पोरांनी कृष्णासोबत यमुनेकाठी शिदोऱ्या एकत्र करून काला केला. उष्टे हात नदीत धुतले जातील आणि दोन शितं मिळतील, या आशेनं स्वर्गातले देव मासे होऊन पाण्यात आले. कृष्णानं ते ओळखलं आणि गड्यांना हात घोंगडीला पुसायला सांगितलं.

वारकऱ्यांनी ही कथा निरोपाच्या जेवणाशी जोडली, यात मोठा विचार आहे. वारी संपली म्हणून गळा भरून येतो. त्याच वेळी कीर्तनकार सांगतो की या मातीतल्या दही-लाह्यांसाठी देव तळमळत होते. तुकोबांनीही मोक्षाऐवजी संतांची संगत आणि पुन्हा गर्भवास मागितला. म्हणजे परतायचं आहे ते काही खालच्या ठिकाणी नाही. परतवारीला माणसं थोडी असतात, मजला लांब असतात, पण चालणाऱ्याच्या तोंडी तेच नाम असतं.

आधुनिक मानसशास्त्राची भर इथं थोडी, पण उपयोगाची आहे. डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये दाखवलं की एखाद्या अनुभवाची आठवण त्याच्या लांबीपेक्षा त्यातल्या तीव्र क्षणावर आणि शेवटावर अधिक ठरते. नेदरलँड्समध्ये 1,530 जणांची पाहणी 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. सुट्टीवर जाणारे लोक जाण्याआधी इतरांपेक्षा आनंदी होते. परतल्यावर हा फरक जवळजवळ उरला नव्हता. अपवाद होता तो अतिशय निवांत सुट्टी घालवलेल्यांचा. शेवट धावपळीत गेला, तर वर्षानुवर्षांची साठवण याच घाईच्या रंगात आठवत राहणार, एवढा अर्थ यातून नक्की निघतो.

मग सहलीच्या शेवटच्या दिवसांचं दुःख दूर करावं का? नाही. ते दुःख प्रेमाचंच अंग आहे. ज्या गावानं मनाला काही दिलं नाही, ते सोडताना कुणी हळहळत नाही. टाळायची ती गोष्ट वेगळी आहे: पैसे वसूल व्हावेत म्हणून शेवटच्या दिवसात आणखी तीन ठिकाणं कोंबणं, आणि शरीर परदेशात असताना मन दोन दिवस आधीच घरी पाठवणं. देवलोक सोडणाऱ्या देवाचं पाचवं लक्षण तेच आहे, आणि त्यावरचा उपाय माणसाच्या हातात आहे.

म्हणून येत्या मे महिन्यात जे निघणार आहेत त्यांनी, आणि त्यांचे कार्यक्रम आखणाऱ्या सहल कंपन्यांनीही, एवढं जरूर करावं. शेवटचा अर्धा दिवस मोकळा ठेवावा. खरेदी आदल्या दिवशी उरकावी. नवं काही न पाहता, जे सर्वांत जास्त आवडलं असेल त्यातलं जवळचं एखादं ठिकाण निवडून तिथं पुन्हा जाऊन बसावं. दहा-बारा दिवस बस चालवणाऱ्या चालकाचे, रोज नाश्ता वाढणाऱ्या माणसाचे त्याच्याजवळ जाऊन आभार मानावेत. आणि घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात, आठवण ताजी असताना, जे पाहिलं ते आपल्या भाषेत चार पानं का होईना लिहून काढावं.