राखून ठेवलेले बळ

आपले बळ लपविणे ही लबाडी होय काय? प्रश्न साधा दिसतो, पण शर्यतीच्या मैदानावर तो अवघड होतो.

पांढुर्णा-सौंसरकडील वाचकांना शंकरपट समजावून सांगावयास नको. सरळ पट, जोडी, धुरकरी आणि सेकंदाचे घड्याळ. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली बैलांच्या शर्यतींस बंदी घातली. महाराष्ट्रास 16 डिसेंबर 2021 रोजी सशर्त परवानगी मिळाली व 18 मे 2023 रोजी घटनापीठाने तेथील कायदा ग्राह्य धरला. (मुक्या जनावराच्या हालांचा प्रश्न मोठाच आहे; तो येथे घेत नाही.) पश्चिम महाराष्ट्रात बैलांच्या दातांवरून आदत, दुसा असे वर्ग पाडतात. कोवळ्या खोंडाला जाणत्या बैलाशी झुंजावे लागू नये, एवढाच हेतू.

अमेरिकेतील मोटारींच्या सरळ शर्यतीत, म्हणजे ड्रॅग रेसिंगमध्ये, हीच सवलत फार बारकाईने मोजतात. पारंपरिक अंतर पाव मैल, 1,320 फूट. कारखानी बनावटीच्या गाड्यांचे वजन आणि अश्वशक्ती यांच्या प्रमाणावरून वर्ग ठरतात व प्रत्येक वर्गाला एक अपेक्षित वेळ असते. पात्रता फेरीत त्या वेळेच्या जितके आधी पोहोचाल तितके नाव वर. परंतु फारच आधी पोहोचलात, तर अधिकारी त्या इंजिनाची अश्वशक्ती कागदावर वाढवितात आणि पुढे जादा वजन वाहावे लागते. तसेच इंजिन असलेल्या इतरांनाही तो भुर्दंड बसतो. म्हणून कसबी चालक शेवटच्या काही फुटांत पाय उचलतो. पात्र ठरण्यापुरता पळतो, गुपित फुटण्याइतका नाही.

पुढे दोन निराळ्या वर्गांची गाठ पडली, की प्रत्येकाने जाहीर केलेल्या वेळेप्रमाणे मंद गाडी आधी सुटते. जाहीर वेळेपेक्षा लवकर पोहोचणारा सामान्यतः बाद होतो. हा नियम मला फार आवडतो. माणसाला त्याच्याच शब्दात धरले जाते.

मग पाय उचलणारा खोटा काय? मला तसे वाटत नाही. नियम सर्वांना ठाऊक, संधी सर्वांना सारखी. शिवाय त्याने पाय उचलल्याने त्याच इंजिनाच्या गरीब सोबत्याचा भुर्दंड वाचतो. मत्तयाच्या 25व्या अध्यायातील दासाने तलांत भयाने पुरला होता. हा तर आपला तलांत वापरण्यासाठीच राखून ठेवतो. तथापि दुबळ्यासाठी ठेवलेली जागा बळकटाने मुद्दाम मंद होऊन बळकावली, तर तेथे डावपेच संपला. आता प्रतिस्पर्ध्याची फसवणूक दुय्यम ठरते. ज्याच्यासाठी सवलत केली त्याच्या ताटातले उचलले जाते.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी पाठांतर-स्पर्धेचे गट आठवावेत. अस्खलित वाचणारा मुलगा अडखळत वाचून लहान गटात बसतो व पहिला येतो. त्याने एकही खोटा शब्द उच्चारलेला नसतो. दुसरी आलेली मुलगी मात्र महिनाभर खरोखरच अडखळत शिकलेली असते, आणि बक्षिसाच्या वेळी ती शिक्षकांकडेच पाहत असते.