एका बशीतली मॅगी आणि भाज्याचे स्तूप

पावसाळ्यात लोणावळ्याच्या लायन्स पॉइंटवर धुकं उतरलं की ताडपत्रीखालच्या गाड्यांवर पातेल्यांत मॅगी शिजू लागते. कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, यापलीकडे तिच्यात फारसं काही नसतं. तरीही जिवलग माणसासोबत एका बशीतून खाल्लेली ती मॅगी, ते माणूस दुरावल्यावर किंवा गेल्यावर, वर्षानुवर्षं आठवत राहते. या हुरहुरीत मला एक खरा धर्मप्रश्न दिसतो. बुद्धांनी आणि संतांनी जी आसक्ती सोडायला सांगितली ती हीच का? माझं म्हणणं असं की ही ओढ मुळात पदार्थाची नसते, आणि जिभेचा चाळा म्हणून तिला हिणवणं हा त्या माणसावरच्या प्रेमावर अन्याय आहे.

याचा पुरावा मॅगीच देते. आईच्या हातची पुरणपोळी आठवते तेव्हा ओढ पोळीची की आईची, हे वेगळं काढता येत नाही. हात गेला की चवही जाते. १९८३ साली भारतात आलेल्या या पाकिटाचं तसं नाही. कामशेतच्या किराणा दुकानात मिळतो तोच मसाला घाटमाथ्यावरच्या गाड्यावर असतो. चव आजही हाताशी आहे, कधीही विकत मिळते, आणि तरी हुरहूर शमत नाही. उणीव चवीची असती तर पाकीट उकळून भागली असती. न्यायसूत्रांत स्मृती जागवणाऱ्या कारणांची लांबलचक यादी आहे. तीत सादृश्य आहे, सुख आहे, वियोग आहे, आणि एकाच कार्यातलं सोबतीपणही आहे. एका बशीतून दोघांनी खाणं म्हणजे असंच एक छोटं कार्य. नूडल्स त्या स्मृतीचं निमित्त होतात; तिचा विषय ते माणूसच असतं.

कोणी म्हणेल, ही भावना जाहिरातींनी पेरलेली आहे. आक्षेप हलका नाही. जून २०१५ मध्ये मॅगीवर देशभर बंदी आली, ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि नोव्हेंबरात पाकिटं पुन्हा दुकानांत दिसू लागली. मधल्या काळातल्या लोकांच्या हळहळीचीही जाहिरात झाली. पण जाहिरात फार तर पाकिटाची सवय लावते. पावसात कुणी कुणासाठी बशीतला शेवटचा घास ठेवला, हे तिच्या हातात नसतं.

याहून कठीण आक्षेप लोणावळ्याच्या पुढच्याच स्टेशनावर, मळवलीला उतरलं की समोरच्या डोंगरात कोरलेला दिसतो. भाज्याची लेणी इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची. सारं काही अनित्य आहे आणि तृष्णा हेच दुःखाचं मूळ, ही शिकवण जगणारे भिक्खू तिथे राहत. त्यांच्यापुढे आपली हुरहूर म्हणजे उघड तृष्णाच ठरावी. पण त्याच लेण्यांत चौदा स्तूपांचा एक समूह आहे, पाच खडकाच्या आत आणि नऊ बाहेर. ते दिवंगत थेरांचे, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंचे, स्मारक-स्तूप आहेत. काहींवर अंपिकिणक, धम्मगिरी, संघदिन अशी नावं कोरलेली आहेत. अनित्यतेचं चिंतन करणाऱ्या संघाने आपल्या वडीलधाऱ्यांची नावं मावळच्या कठीण कातळात खोदून ठेवावीत, ही गोष्ट मला कुठल्याही भाष्यग्रंथाइतकी मोलाची वाटते. माणूस परत यावं असा हट्ट त्या दगडांत नाही. तो गेला हे मान्य करूनच त्याचं नाव घेतलेलं आहे. तृष्णा गेलेलं परत मागते. स्मरण काही मागत नाही, आणि म्हणूनच अनित्यतेच्या शिकवणीशेजारी ते दोन हजार वर्षं नांदू शकलं.

यावर उत्तर येईल की थेर पूजनीय होते; गाड्यावरच्या बशीला त्यांच्या पंक्तीला बसवणं अतिरेकाचं आहे. इथे वारकऱ्यांची साक्ष काढावी लागते. मावळातल्या गावोगावच्या हरिनाम सप्ताहांची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. काल्यात असतं काय? दही, पोहे, लाह्या, लोणचं. ज्याच्या शिदोरीत जे असेल ते एकत्र कालवलेलं. कथा अशी की गोपाळांचं ते उष्टं मिळावं म्हणून अमृत पिणारे देव मासे होऊन यमुनेत आले. ज्यांच्यापाशी अमृत आहे त्यांना दहीपोह्यांच्या चवीचं अप्रूप असणार नाही. हेवा वाटला तो एकमेकांच्या हातून खाण्याचा. साध्या अन्नाला पावित्र्य येतं ते वाटून खाण्यातून, ही आपल्याकडची जुनी आणि जाहीर श्रद्धा आहे. ती दहीपोह्यांना लागू करायची आणि नूडल्सना नाकारायची, याला मला तरी शास्त्राचा आधार दिसत नाही.

धोका मात्र आहे, आणि तो आक्षेप घेणाऱ्यांना दिसतो तिथे नाही. तीच जागा, तोच गाडा, तसाच पाऊस जुळवून तो दिवस पुन्हा घडवायचा ध्यास लागला की स्मरणाची तृष्णा होते. मग नवं माणूस समोर बसलेलं असताना त्याची तुलना सुरू होते आणि त्याच्या वाट्याचा आनंद आपण हिरावून घेतो. भाज्याच्या भिक्खूंनी स्तूप कोरले आणि वर्षावास, भिक्षा, नव्या शिष्यांचं शिक्षण यांत खंड पडू दिला नाही. काल्याच्या कीर्तनानंतरही पंगत गावजेवणाची असते, तीत अनोळखी वाटसरूलाही पान मिळतं.